'षड्यंत्र सिद्धांत' हा शब्द बरोबर आहे का?

राजकारणावरच्या लेखांत हल्ली इंग्रजी 'conspiracy theory'साठी हा शब्द फार दिसतो. पण सिद्धांत म्हणजे सिद्ध झालेलं ना? मग ज्याला पुरावाच नाही त्याला सिद्धांत कसं म्हणायचं? नुसतं 'कट' म्हटलं तर?

प्रतिसाद १
नुसतं कट नको. कट शिजतो तसा उघडकीसही येतो. अमेरिकेतलं वॉटरगेट हा कट, १९७२ला विरोधी पक्षाच्या ऑफिसात शिरलेली माणसं पकडली गेली, मग टेप्स बाहेर आल्या आणि १९७४ला राष्ट्राध्यक्ष निक्सनना जावं लागलं. तिथलेच राष्ट्राध्यक्ष केनेडी, त्यांच्या खुनाचं तसं नाही. मारेकरी ऑस्वाल्ड एकटाच होता असं चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाने १९६४ला सांगितलं तरी लोकांना ते पटलंच नाही.

प्रतिसाद २
अहो पण १९७९ला त्यांच्याच प्रतिनिधीगृहाच्या समितीने 'बहुधा कट असावा' म्हटलं होतं की.

प्रतिसाद १
म्हटलं होतं, पण मुख्यतः एका ध्वनिमुद्रणाच्या जोरावर, आणि ते १९८२ला शास्त्रज्ञांच्या समितीने खोडून काढलं. मुद्दा वेगळाच आहे, एवढा मोठा राष्ट्राध्यक्ष आणि मारणारा कोण तर एक फुटकळ माणूस, हे मनाला झेपत नाही. मग 'घडलं' म्हणवत नाही, 'घडवून आणलं' म्हणावंसं वाटतं, आणि एकदा ते क्रियापद आलं की कर्ता शोधणं आलंच, बोलविता धनी, सूत्रधार, पडद्यामागचे हात वगैरे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला ही म्हण आपल्याकडे आहे खरी, पण राजकारणात कावळ्यावर कोणाचाच विश्वास नाही :)

प्रतिसाद ३
'कुभांड' चालेल का?

प्रतिसाद ४
नाही चालणार. कुभांड रचणारा जाणूनबुजून खोटं बोलतो, इथे मानणारा बहुतेकदा प्रामाणिक असतो. २०१६ला वॉशिंग्टनच्या एका पिझ्झा हॉटेलच्या तळघरात पुढाऱ्यांनी मुलं डांबलीत अशी अफवा होती, ती खरी मानून एक माणूस बंदूक घेऊन मुलांना सोडवायला गेला. तिथे तळघरच नव्हतं. अफवा उठवणाऱ्यांचं ते कुभांड म्हणा हवं तर, पण त्या माणसाचं काय म्हणणार? 'कारस्थानी विचार' तर अजिबात नको, त्याने विचार करणाराच कारस्थानी ठरतो.
शिवाय पक्की अशी एक कथा असतेच असंही नाही. २०१२च्या एका ब्रिटिश अभ्यासात असं दिसलं की बिन लादेन अमेरिकेने त्याला मारायला घातलेल्या छाप्याच्या आधीच मेला होता असं ज्यांना जास्त पटतं त्यांनाच तो अजून जिवंत असावा हेही जास्त पटतं. म्हणजे गोष्ट कुठलीही चालते, सरकार काहीतरी लपवतंय एवढं तिच्यात असलं की झालं. आणि सरकारं लपवतातही, वॉटरगेट वर आलंच आहे, त्यामुळे अशा माणसाला नुसतं वेड्यात काढणं मला तरी पटत नाही.

प्रतिसाद ५
मग 'कटकल्पना' घ्या. सिद्ध झाल्याचा आव नाही आणि शिवीही नाही. बोलताना मात्र 'त्याला सगळीकडे कट दिसतो' एवढं पुरे, तिथे नाम कशाला हवंय.