आडवी पडलेली गाडी एकट्याने उचलता येते का? कच्च्या-पक्क्या रस्त्याच्या परवडणाऱ्या बाइकबद्दल अनुभव धागा

दोन वर्षांपूर्वी जूनच्या शेवटी मी लोणावळ्याहून राजमाचीला निघालो होतो, एकटाच. उधेवाडीच्या अलीकडे एका ओढ्यातून वर चढताना पुढचं चाक शेवाळलेल्या दगडावरून सरकलं आणि गाडी डाव्या अंगावर निजली. मला खरचटलंसुद्धा नाही. पण गाडी जवळपास दोनशे किलोची, वर मागे तंबू आणि बॅग. तीनदा जोर लावला, तिन्ही वेळा वीतभर उचलून पुन्हा खाली. वरून पाऊस, समोर धुकं, मोबाइलला रेंज नाही. पाऊण तासाने गावातली दोन पोरं आली, तेव्हा गाडी उभी राहिली.

शोरूममध्ये मी त्या गाडीबद्दल सगळं विचारलं होतं. पॉवर किती, ॲव्हरेज किती, सर्व्हिसिंग किती किलोमीटरला. वजन विचारलं नव्हतं.

पुढच्या दिवाळीत ती विकली आणि हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही घेतली. १५८ किलो. हायवेला ताशी ८०-८५ च्या पुढे तिला पळवण्यात मजा नाही, हे मान्य. पण पडली तर मी तिला उचलतो, आणि उचलू शकतो म्हणून एकटा जातो. माझ्यासाठी हिशेब तिथेच संपला.

आठवड्याला दोन-तीन जण तरी विचारतात, 'अडीच-तीन लाखांत लांबच्या प्रवासाला आणि कच्च्या रस्त्याला चालेल अशी एकच गाडी कोणती?' म्हणून हा धागा काढतोय. सीसी आणि बीएचपीचे आकडे कुठेही मिळतात, ते नकोत. तुम्ही कुठे गेलात, किती सामान होतं, कुठे अडलात, कसे सुटलात ते लिहा. एक विनंती आहे. बिघाडाबद्दल लिहिताना कंपनीचं नाव टाळा, बिघाड काय होता आणि कसा निस्तरला तेवढंच लिहा. नावावरून भांडण सुरू झालं की कामाची माहिती बाजूला राहते.

नाशिकहून

रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११, २०२१ ची. मी आणि बायको, दोघं मिळून स्पिती करून आलो. वजनाबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, बीएस६ मॉडेल १९९ किलो भरतं. पण दोघं बसून, दोन्ही बाजूंना सॅडल बॅगा लावून कुंझूमची खिंड चढताना जे लागतं ते या इंजिनात आहे. ताकद साडेचोवीस बीएचपीच, पण ३२ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, आणि तोही खालच्या आरपीएमला. पहिल्या गिअरमध्ये क्लच न दाबता दगडांतून बैलासारखी चालत राहते. सीट ८०० मिमी, त्यामुळे दोघांचं वजन असताना पाय नीट टेकतात, आणि मागे माणूस असताना याची किंमत कळते.

जाणाऱ्यांसाठी कामाचं एक सांगतो. ग्रामफू ते काझा रस्त्यावरचे नाले दुपारनंतर फुगतात, कारण उन्हाने वरचा बर्फ वितळतो. आम्ही पहिल्या दिवशी दुपारी दोनला एका नाल्यापाशी पोचलो, पाणी इंजिनाला लागत होतं, परत फिरलो. छत्रूला मुक्काम केला आणि पहाटे निघालो. तोच नाला तेव्हा घोट्याएवढा होता.

मनालीहून लेहकडे जाणार असाल तर वाटेतल्या तांदीच्या पंपावर टाकी काठोकाठ भरा. तिथली पाटी प्रसिद्ध आहे, पुढचा पंप ३६५ किमी. माझी टाकी १५ लिटरची, सामानासकट २८ चं ॲव्हरेज धरलं तरी ४२० किमी होतात. तरी पाच लिटरचा कॅन सोबत होताच, वाटेत एका पंजाबी मुलाला त्यातलं दोन लिटर दिलं.

कुडाळहून

माझ्याकडे हिरोची जुनी इम्पल्स आसा, २०१३ ची, सेकंडहँड घेतलेली. ती आता बनत नाही. इंजिन मात्र १४९.२ सीसीचं, हंक आणि सीबीझी एक्स्ट्रीमच्या घराण्यातलं, त्यामुळे इंजिनाचे पार्ट आमचा मेस्त्री अजून मिळवतो. बाहेरचं प्लास्टिक आणि शॉकअप मात्र शोधत फिरावं लागतं.

कोकणात जुनी गाडी घेणाऱ्यांनी इंजिनाआधी गंज बघा. टाकीचं झाकण उघडून बॅटरी मारा, आत तांबूस दिसलं तर निघून या. स्पोक एकेक करून हाताने दाबा. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश डावी-उजवी फिरवा, मध्यावर खाचेत बसल्यासारखं अडलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. आणि पुढच्या शॉकअपच्या नळीवरून बोट फिरवा, बोटाला तेल लागलं तर सील गेलं. पाच मिनिटांचं काम आहे.

पावसात जांभ्याच्या कच्च्या वाटा साबणासारख्या होतात. तिथे पॉवर नको, हलकी गाडी आणि पुढचं बारीक चाक हवं. किनाऱ्याने जाताना वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा फेऱ्या घेत जातो. बोटीच्या ओल्या फळीवर चढवता-उतरवताना १३४ किलोची गाडी असल्याचं समाधान दर वेळी वाटतं.

पुण्याहून

दादा, तुमच्या ओढ्याच्या गोष्टीवर लिहायचंच होतं. माझी उंची पाच फूट दोन इंच, वजन ५२ किलो. दुकानात प्रत्येकाने मला सांगितलं, 'मॅडम, ही उंच आहे, स्कूटर बघा.' एक्सपल्सची सीट ८२३ मिमी. दोन्ही पाय टेकत नाहीत. मग एकच टेकवते, कुल्ला सीटवरून अर्धा सरकवून, डावा पाय पूर्ण खाली, उजवा ब्रेकवर. थांबायच्या आधी जमीन कुठे उंच आहे ते बघायची सवय लागते, बाकी काही नाही.

उचलायचं तंत्र आहे, ताकद नाही. मला एका प्रशिक्षण शिबिरात शिकवलं, ते जसंच्या तसं देते.

आधी चावी बंद. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर पडल्या-पडल्याच साइड स्टँड उघडून ठेवा, म्हणजे उभी केल्यावर पलीकडे कोसळणार नाही. पहिला गिअर टाका, नाहीतर चाक फिरून गाडी घरंगळते. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. आता गाडीकडे पाठ करून कमरेचा भाग सीटच्या कडेला टेकवा आणि खाली बसा. एका हाताने हँडलची खालची मूठ धरायची, दुसऱ्याने मागच्या सीटखालची पकड. हात सरळ, पाठ ताठ. मग पायांनी मागे ढकलत छोटी छोटी पावलं टाका. उचलायचं नाही, मागे चालत जायचं. गाडी आपोआप उभी होत येते. सामान आधी सोडवा, त्यातच २० किलो वाचतात.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा गाडी उभी राहिल्यावर हात थरथरत होते आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यानंतर मढेघाटाकडच्या वाटेवर दोनदा पडले, दोन्ही वेळा स्वतः उठवली.

गडचिरोलीहून

मी पशुवैद्यकीय खात्यात आहे. एटापल्ली, भामरागडकडची गावं रोजची. माझ्याकडे साधी स्प्लेंडर. मागे खोल नक्षीचा टायर, पुढचं मडगार्ड थोडं वर घेतलेलं, चेन दर आठवड्याला तेल. औषधांची पेटी कॅरियरवर. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तेव्हा कोणतीच गाडी चालत नाही, माणूस थांबतो. बाकी दिवस स्प्लेंडर जाते. गाडी अडली तर प्रत्येक मोठ्या गावात ती खोलणारा माणूस आहे. नवीन गाडी घेताना तिचा मेस्त्री आपल्यापासून किती किलोमीटरवर आहे हे जरूर बघा.

ठाण्याहून

वेगळं मत मांडतो, राग मानू नये. घेण्याआधी मागच्या वर्षीचे दिवस मोजा. मी मोजले. कच्च्या रस्त्यावर एकूण नऊ दिवस, तेही फार्म हाऊसकडे जाणारे दोन-चार किलोमीटर. बाकी सगळा हायवे, कर्नाटक, गोवा, एकदा राजस्थान. म्हणून सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स घेतली. २४९ सीसी, १६७ किलो, पुढे १९ इंची अलॉय आणि ट्यूबलेस. ताशी शंभरला सात-आठ तास बसलो तरी अंग दुखत नाही. पंक्चर झालं तर दहा मिनिटांत किटने पट्टी ठोकून पुढे. सुट्या दगडांच्या उतारावर पुढे २१ इंची चाकवाल्यांना जे जमतं ते मला जमत नाही, तिथे मी जात नाही.

धागाकर्ता

ठाणेकर, राग कसला, हा हिशेब सगळ्यांनीच करायला हवा. किमतीबद्दल एक भर घालतो, कारण खूप जण जुने आकडे धरून बसलेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यापुढच्या गाड्यांवर ४० टक्के झाला. त्यामुळे एक्सपल्स २१० किंवा एसएक्स यांच्यात आणि हिमालयन ४५० मध्ये जे अंतर आधी होतं ते आणखी वाढलं. ज्याचं बजेट आधीच ताणलेलं आहे त्याने हे बघून ठरवावं. उरलेल्या पैशांत चांगले बूट, गुडघ्याचे गार्ड आणि बॅश प्लेट (इंजिनाखाली लावायचा जाड पत्रा) येते, आणि माझ्या मते तीच खरी खरेदी.

कोल्हापूरहून

पंक्चरचा विषय निघाला म्हणून. स्पोकच्या चाकाला ट्यूब असते हे घेताना माहीत होतं, पण त्याचा अर्थ स्पितीतल्या लोसरच्या अलीकडे कळला. पुढचं चाक बसलं. बरोबर दोन मित्र, तिघांकडे हवेचा पंप, पट्ट्या, सोल्यूशन सगळं. टायर रिमवरून काढायची लोखंडी पट्टी, म्हणजे टायर लिव्हर, मात्र एकच. एका लिव्हरने टायर उघडायला दीड तास गेला, बोटं थंडीने बधिर, दुसऱ्या बाजूला स्क्रूड्रायव्हर घातला आणि त्याने ट्यूबला नवीन भोक पाडलं.

तेव्हापासून तीन लिव्हर आणि एक अखंड २१ इंची ट्यूब सोबत असते. फक्त पुढचीच का, तर मागचं चाक लहान असल्यामुळे अडचणीत तीच ट्यूब मागे कोंबून पंपापर्यंत जाता येतं. उलट जमत नाही. आणि हे घरी अंगणात एकदा करून बघा, स्टॉपवॉच लावून. माझा आता चाळीस मिनिटांचा वेळ आहे.

इथून लेहला गाडी चालवत नेण्यात दोन्ही बाजूंचे मिळून आठ दिवस जातात. पुढच्या वेळी आम्ही गाड्या रेल्वे पार्सलने चंदीगडला पाठवल्या. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसीची प्रत लागते, आरसे काढून ठेवा. रजा कमी असेल तर छोटी गाडी घेऊनही हिमालय होतो तो असा.

ब्रिस्बेनहून

इथे बरेच जुने मराठी आणि इतर भारतीय मित्र सुझुकीची डीआर६५० चालवतात, मीही. १९९६ पासून तिच्यात फारसा बदल नाही. एअर-ऑइल कूल्ड, एक सिलिंडर, कार्ब्युरेटर. पार्ट सगळीकडे आणि बदलायला सोपे. पेट्रोल पंपांमधलं अंतर मोठं असल्याने टाकी मोठी बसवून घेतो. इतकी जुनी गाडी अजून चालते ती दुरुस्त करता येते म्हणून. गडचिरोलीच्या डॉक्टरांचं वाचून आमच्या इथल्या गुराख्यांच्या गाड्या आठवल्या.

अकोल्याहून

मी गेले चार महिने तीन गाड्यांत अडकून होतो, वही भरून टाकली होती. पुण्याच्या ताईंचं वाचून काल मित्राची एक्सपल्स मागितली, शेतातल्या गवतावर सावकाश आडवी केली आणि त्यांनी सांगितलं तसं केलं. पहिल्या तीनदा हँडल वळवायचं विसरलो. चौथ्यांदा वळवलं, पाठ टेकवली, मागे सहा पावलं चाललो आणि उभी राहिली. दुसऱ्या मित्राची हिमालयन रविवारी आणतोय, तीही निजवून बघतो.