एकाच संगणकावर विंडोज आणि उबंटू: डी ड्राइव्हवर फाइल सेव्ह होत नाही, घड्याळही मागे पडते

प्रश्न (खानापूर)
आमच्या टायपिंग केंद्रात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतील अर्ज करून दिले जातात. कन्नड कामाला ‘नुडी’ हे विंडोजवर चालणारे कन्नड टंकलेखनाचे सॉफ्टवेअर लागते, त्यामुळे विंडोज १० काढून टाकता येत नाही. पण १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचे नियमित सुरक्षा-अपडेट बंद झाल्याने इंटरनेटची कामे करण्यासाठी त्याच संगणकावर उबंटू ही लिनक्स प्रकारची कार्यप्रणालीही बसवली. आता उबंटूतून डी ड्राइव्हवरची फाइल उघडते, मात्र सेव्ह होत नाही. शिवाय विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसते आणि पावतीवर चुकीची वेळ छापली जाते. हार्डडिस्क बिघडत चालली आहे का?

उत्तर (निपाणी)
ही लक्षणे डिस्क बिघडल्याची वाटत नाहीत. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, आपली काही स्थिती डिस्कवर राखून ठेवते, आणि अशा अर्धवट सोडलेल्या ड्राइव्हवर लिहिल्यास माहितीची नासधूस होऊ शकते म्हणून लिनक्स तो केवळ वाचण्यापुरताच उघडते. कंट्रोल पॅनेलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जाऊन ही सोय बंद करावी. तोपर्यंत उबंटूत जाताना ‘रीस्टार्ट’ निवडावे, कारण त्या वेळी विंडोज खरोखर बंद होते. जबरदस्तीने लिहिण्याची परवानगी देणारे उपाय इंटरनेटवर सापडतील, पण लोकांचे अर्ज ज्या ड्राइव्हवर आहेत तिथे ते कृपया करू नयेत.

घड्याळाचे कारण वेगळे आहे. मदरबोर्डवरील घड्याळात उबंटू जागतिक प्रमाणवेळ लिहिते, तर विंडोज तीच स्थानिक वेळ समजते; हा फरक आपल्याकडे नेमका साडेपाच तासांचा. उबंटूला स्थानिक वेळ वापरण्याची आज्ञा टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून) देता येते. तेव्हा उन्हाळी वेळेच्या बदलाविषयी इशारा दिसेल, पण भारतात घड्याळे पुढेमागे करत नाहीत, म्हणून त्याची चिंता नको.

उत्तर (बेळगाव)
वरील उत्तराशी सहमत आहे. एक भर घालतो: नुडीच्या जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये (सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामाईक संकेतप्रणालीत) नसतो, त्यामुळे तो फाँट नसलेल्या उबंटूत उघडल्यास अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. अशी फाइल बिघडली असे समजून पुसू नये. आधी विंडोजमध्येच ती युनिकोडमध्ये रूपांतरित करावी. नवीन मजकुरासाठी उबंटूत मराठी आणि कन्नड दोन्ही इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींसाठीच्या प्रमाणित मांडणीचे) कळफलक उपलब्ध आहेत.

प्रश्नकर्ता (खानापूर)
फास्ट स्टार्टअप बंद केल्यावर फाइल सेव्ह होऊ लागली. घड्याळाची आज्ञा आज केंद्र बंद झाल्यावर देतो. आपणा दोघांचे मनापासून आभार.