दुबईत शिक्षा झालेल्या मुलाला उरलेली शिक्षा भोगायला इकडं आणता येतं का?

जिंतूरचा वकील

एका कुटुंबासाठी विचारतोय. मुलगा दुबईच्या तुरुंगात आहे. कंपनीच्या पैशाच्या अपहारात 7 वर्षं शिक्षा झाली, त्यातली 2 वर्षं 4 महिने भोगून झाली. तिथल्या वरच्या कोर्टात अपील चालू आहे, कंपनीची रक्कम भरायची बाकी आहे. कुणीतरी आईबापाला सांगितलंय की दीड लाख मोजले की दिल्लीतून ऑर्डर निघते अन् पोरगा हर्सूलला, म्हणजे संभाजीनगरच्या तुरुंगात, येतो. 2003 चा कैदी प्रत्यावर्तन कायदा वाचला. पण अर्ज नेमका कुठं द्यायचा, अडतं कशात, आणि इकडं आल्यावर शिक्षा कमी होते का?

माजी तुरुंगाधिकारी

आधी ते दीड लाख थांबवा. या अर्जाला सरकारी फी नाही. सोपस्कार पूर्ण झाल्यावर माणूस आणायचा प्रवासखर्चही घेणारा देश करतो, कुटुंब नाही.

अर्ज सुरू होतो तिकडून. कैद्याने तुरुंगातूनच, स्वतःच्या सहीने, तिथल्या प्रशासनाला आणि भारतीय वाणिज्य दूतावासाला लिहायचं. आजारपणामुळे किंवा मानसिक स्थितीमुळे त्याला जमत नसेल तरच त्याच्या वतीने दुसऱ्याला अर्ज करता येतो. घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाकून तिचा क्रमांक जपून ठेवावा, म्हणजे दूतावासाकडे पाठपुरावा करता येतो. पुढे कागद परराष्ट्र मंत्रालय, केंद्रीय गृह मंत्रालय, राज्याचा गृह विभाग, पुण्याचं कारागृह मुख्यालय आणि जिल्हा पोलीस असा फिरतो. तितक्याच टेबलांवरून परतही जातो. वर्षाच्या आत क्वचित होतं.

अटी थोडक्यात: शिक्षा अंतिम हवी, दुसरा खटला किंवा चौकशी बाकी नको, अर्जाच्या वेळी किमान 6 महिने शिक्षा उरलेली हवी, तोच प्रकार भारतातही गुन्हा हवा, आणि कैदी व दोन्ही सरकारं अशा तिघांची संमती हवी. यूएईशी आपला करार 2011 मध्ये झाला. सौदी, कुवेत, कतारशीही करार आहेत.

म्हणजे तुमच्या मुलाचं अपील चालू आहे तोवर फाईल हलणारच नाही. अपील मागे घ्यायचं का, हे तिथल्या वकिलाला विचारूनच ठरवा. मागे घेतलं की निर्दोष सुटायचा रस्ता बंद. निकालाचा फेरविचार फक्त शिक्षा देणाऱ्या देशातच होतो, आपलं कोर्ट त्यात हात घालत नाही.

गोदाकाठ

अपहाराला आपल्याकडं सहसा एवढी शिक्षा होत नाही. एकदा हर्सूलला आला की हायकोर्टात रिट टाका, भारतीय कायद्याप्रमाणे कमी करून मिळते.

फौजदारी_संभाजीनगर

नाही मिळत. हा गैरसमज 2022 मध्येच मोडलाय. मॉरिशसमध्ये 152.8 ग्रॅम हेरॉइन सापडलं म्हणून एकाला 26 वर्षं झाली होती. त्याला भारतात आणलं. आपल्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात हेरॉइनचं 250 ग्रॅमच्या खालचं, पण 5 ग्रॅमच्या वरचं प्रमाण मधल्या गटात येतं, कमाल शिक्षा 10 वर्षं. म्हणून त्याने शिक्षा 10 वर्षांवर आणायची मागणी केली. मुंबई उच्च न्यायालयाने बाजू घेतली, सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. ज्या देशाने शिक्षा दिली त्याची मुदत पाळायची. ती भारतीय कायद्याशी विसंगत असेल तरच केंद्र सरकार जुळवून घेतं, आणि नुसती जास्त आहे म्हणजे विसंगत झाली असं होत नाही.

कायदा फक्त शिक्षा राबवणारा देश बदलतो, एवढंच. इकडचे नियम मात्र लागू होतात: कामाची आणि वर्तनाची माफी, फर्लो आणि पॅरोल म्हणजे तुरुंगातून मिळणारी रजा. फरक तिथं पडतो.

आणि अपहार तुमच्या बाबतीत दोन्हीकडं गुन्हा आहे, तिथं अडचण नाही. खसखशीचं उदाहरण घ्या. अनारशाला लागते म्हणून पाव किलो बॅगेत टाकली, आणि यूएईत ती बंदी असलेली वस्तू. आपल्या एनडीपीएस कायद्यात खसखशीचं बोंड येतं, पण दाणा मुद्दाम वगळलाय. त्या केसमध्ये अर्ज केला तर भारतात गुन्हाच नाही म्हणून अडकतो. तिथं बदली मागत बसायचं नाही, माफीच्या अर्जामागे लागायचं. ट्रॅमाडॉल या वेदनाशामक औषधाचं उलट आहे. 2018 पासून ते आपल्याकडंही एनडीपीएसमध्ये आहे, त्यामुळे गुन्हा जुळतो.

आखाती_कागदपत्र

मला सगळ्यात खटकतं ते वेगळंच. बदली म्हणजे सुटका नव्हे, हे कुटुंबाला कुणी समजावलंय का? आखातात रमजान, ईद, राष्ट्रीय दिन अशा वेळी माफीच्या याद्या निघतात. यूएईत राष्ट्रीय दिन 2 डिसेंबरला. इकडं आणलेल्या माणसालाही तो देश माफी देऊ शकतो, पण यादीत नाव येण्याची शक्यता तुरुंगात असणाऱ्याचीच जास्त. ज्याचं दीड-दोन वर्षं उरलंय, त्याने बदलीच्या फाईलपेक्षा माफीच्या यादीकडं बघावं. पावणेपाच वर्षं उरलेल्याला बदली विचारात घेण्यासारखी आहे.

पण पैसा. कंपनीचं देणं बाकी असेल तर ती कंपनी हक्क सोडत नाही, तोवर तिकडचं सरकार अडवू शकतं, आणि माफीही त्या खासगी देण्याला लागू होत नाही. भारतीय समुदाय कल्याण निधीतून वकिलाची मदत मिळू शकते, अपहाराची रक्कम नाही. म्हणून आधी कंपनीशी हप्त्याची तडजोड लेखी करा, तिची प्रत फाईलला लावा.

जिंतूरचा वकील

समजलं. अपील मागे घेणं त्यालाच ठरवू देतो. एक विचारायचं राहिलं. पोलीस पडताळणीत नक्की काय होतं? आईबाप उसतोडीला जातात, दिवाळीनंतर घराला कुलूप असतं.

माजी तुरुंगाधिकारी

तिथंच फाईल मरते. हवालदार गावात जातो, कुलूप बघतो, ‘सदर इसमाचे नातेवाईक आढळून आले नाहीत’ असा शेरा मारतो, आणि तेवढ्यावर नागरिकत्व सिद्ध झालं नाही म्हणून कागद परत. शेरा बदलायला पुन्हा तीच वारी.

तोडीला जायच्या आधी ठाण्यात अर्ज द्या. कारखान्याचं नाव, मुकादमाचा फोन, गावातल्या एका नातेवाइकाचा फोन, पोलीस पाटलाचं नाव लिहा. पोच घ्या. सोबत आधार, रेशनकार्ड, मतदार यादीतली नोंद आणि शाळेचा निर्गम उतारा जोडा. उतारा यासाठी की तिकडच्या निकालपत्रात नाव पासपोर्टप्रमाणे वडिलांच्या नावासकट एका ओळीत असतं, आडनाव कधी पुढं कधी गायब. निर्गम उताऱ्यात जन्मतारीख, जन्मगाव, वडिलांचं नाव एकत्र मिळतं. स्पेलिंग वेगळं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

निकालाची प्रमाणित प्रत अरबीतून भाषांतर करून मिळते का ते दूतावासाला विचारा. तिच्यात शिक्षेचा कालावधी, खटल्याआधीच्या कोठडीचे दिवस आणि मिळालेली माफी वेगवेगळी दाखवलेली हवी. ते दिवस वजा करूनच इकडं हिशोब धरतात. तिथं एकच आकडा आला की पुढं सुटकेच्या तारखेवर भांडण लागतं.

आणि अर्जात पसंतीचं कारागृह लिहायला सांगा. हर्सूल लिहा, घरच्यांना मुलाखतीला तेच जवळ. ठरवतं सरकार, पण लिहिलेलं असलं की विचार होतो.