सोल्डरचे गोळे होतात, त्याबद्दल

वर विचारलंय की सोल्डरचे गोळे होतात, पॅडला (बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्याला) धरत नाही. त्यावर जास्त वॅटचं सोल्डरिंग आयर्न घ्या असा सल्ला आलाय, तो मला पटत नाही. 60/40 सोल्डर (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं) 190 अंश सेल्सिअसच्या आत वितळतं. छोट्या बोर्डाला 25 वॅट पुरतात. उष्णता आहे, ती जोडापर्यंत पोचत नाही.

बिट, म्हणजे आयर्नचं टोक, पॅड आणि पार्टचा पाय दोन्हींना एकदम टेकवा, एक-दोन सेकंद थांबा, मग सोल्डर वायर समोरच्या बाजूनं जोडावरच लावा. बिटावर वितळवून नेलंत तर वायरमधला फ्लक्स (धातू साफ करून सोल्डर पसरवणारा पदार्थ) वाटेतच धूर होऊन जातो. मग गोळाच होणार.

दुसरं, आपल्या कोल्हापूरचा पावसाळा. दमट हवेत उघडा ठेवलेला तांब्याचा बोर्ड काळपटतो आणि त्यावर सोल्डर पसरत नाही. आधी खोडरबरानं घासा, थोडा रोझिन (राळेचा) फ्लक्स लावा. नळकामाचा अ‍ॅसिडवाला फ्लक्स मात्र अजिबात नको, तो मागे राहून तांबं खातो.

बिटाला पॉलिशपेपर लावू नका, वरचा लोखंडी मुलामा जातो. ओल्या स्पंजावर पुसा आणि आयर्न बंद करण्याआधी बिटावर ताजं सोल्डर चढवून ठेवा. या सोल्डरमध्ये शिसं असतं, हात धुवूनच जेवायला बसा.

जोडाचा जवळून फोटो टाका दादा, नक्की काय ते सांगतो.