सुट्ट्या पैशांऐवजी दुकानदाराचं टोकन: सोय की बिनव्याजी कर्ज?

चाटीगल्लीवाला: नव्या पेठेत सुट्टे मागितले की चॉकलेट मिळतं. त्यापेक्षा दुकानदाराने स्वतःच्या नावाचं टोकन द्यावं, असं माझं मत. अमेरिकेत यादवी युद्धात हेच झालं. १८६२ मध्ये लोकांनी सोनं-चांदी दडवली, पाठोपाठ एक सेंटची नाणीही गायब. मग किराणावाले, गुत्तेवाले यांनी सेंटएवढ्या तांब्याच्या चकत्या पाडून घेतल्या, वर दुकानाचं नाव. सरकारला जमलं नाही ते व्यापाऱ्यांनी निभावलं.

हिशेबनीस: निभावलं कसलं, कमावलं! चकती पाडायला सेंटपेक्षा कमी खर्च, फरक गल्ल्यात. न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर नावाच्या गुत्तेवाल्याने दहा लाखांवर चकत्या बाजारात सोडल्या म्हणतात. थर्ड अव्हेन्यूच्या ट्राम कंपनीकडे भाड्यापोटी त्यांचा ढीग जमला. बदलून मागितल्या तर गड्याने हात वर केले, आणि कंपनीला काही करता आलं नाही. १८६४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, खासगी नाणी बंद केली ती उगाच?

चाटीगल्लीवाला: त्याच वर्षी सरकारने निकेल मिसळलेला जाड सेंट सोडून पातळ, काशाचा आणला. हलकं नाणंही लोक घेतात, हे दाखवलं कुणी?

गिरणीचा भोंगा: आपल्याकडचं बोला की बे! दुसऱ्या महायुद्धात इथलीही चिल्लर आटली. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, एक रुपयाची नोट काढली, गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं गुन्हा ठरवलं. १९४३ ला तांबं वाचवायला भोकाचा पैसा आला. धातूची टोकनं पाडायला खासगी माणसाला १८८९ च्या कायद्याने बंदीच होती. म्हणून दुकानदारांच्या चिठ्ठ्या, पोस्टाची तिकिटं यांवर भागवलं. बिकानेर, नवानगरसारख्या संस्थानांनी तर स्वतःची पुठ्ठ्याची कुपनं काढली.
आता यात मेला कोण ते बघा. दोन पैशांची चिठ्ठी त्याच दुकानात चालणार. शेजारी ज्वारी स्वस्त असली तरी चिठ्ठीवाल्याकडेच जायचं. हातावर पोट असणाऱ्याला हे परवडतं का?

चाटीगल्लीवाला: चिठ्ठीवर नाव तरी असतं, उद्या भांडता येतं. चॉकलेट परत घेतो का कुणी?

हिशेबनीस: भांडायला वेळ कुणाला आहे? आणि टोकन गेलेलं नाहीच, त्याचं गिफ्ट कार्ड झालंय. पाचशेचं कार्ड, साडेचारशेची खरेदी, मुदत संपली. उरलेले पन्नास कुणाचे, ते सांगा.