शहाबादी फरशीत शिंपले का नाहीत?
सोलापुरातल्या जुन्या घरांतल्या शहाबादी फरशीचं वय जीवाश्मांवरून काढता येईल का, हा प्रश्न मला फार आवडला. तिथे शिंपले सापडणार नाहीत. ती चुनखडी कवचधारी प्राणी अवतरण्याआधीची. (फरशीवर कधी नेच्यासारखी काळी नक्षी दिसते, ती मँगनीजची, वनस्पती नव्हे.)

जीवाश्मांवरून दोन भूवैज्ञानिक कालखंडांमधली सीमा कशी ठरते, हे चीनमधल्या मेईशानच्या चुनखडीत बघावं. पर्मियन आणि त्यानंतरचा ट्रायासिक या कालखंडांमधली सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीची सीमा तिथे २००१ मध्ये निश्चित झाली. खूण काय, तर हिंडिओडस पार्व्हस या कोनोडोंटचं थरांमधलं पहिलं दर्शन. कोनोडोंट म्हणजे ईल माशासारख्या प्राण्याचे दातांसारखे बारीक अवयव. सौम्य ॲसेटिक आम्लात दगड विरघळतो, हे उरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक निवडायचे.

पर्मियनच्या शेवटी असंख्य जाती नष्ट झाल्या, त्या महाविनाशाचा थर मात्र या सीमेच्या थोडा खाली आहे! मग जाती संपल्या तिथेच सीमा का नाही? कारण एखाद्या जातीचं शेवटचं दर्शन फसवं असतं: प्राणी जिवंत असूनही वरच्या थरात जतन झालेला नसतो, किंवा जुना जीवाश्म झिजून नव्या गाळात येऊन बसतो. म्हणून नव्या जातीच्या आगमनावर भिस्त ठेवतात.