सॉफ्टवेअर सगळ्यांकडेच, मग फायदा कसला?

तंत्रज्ञानाने धंद्यात आघाडी मिळते का, यावर काही जण म्हणतात की तेच सॉफ्टवेअर शेजारच्या दुकानदारालाही विकत मिळतं, मग त्यातून आघाडी कसली मिळणार? अर्धं पटलं. आमच्या इंदूरच्या राजवाड्यासमोर क्यूआर कोड नाही असं दुकान शोधून दाखवा! २०१६ला यूपीआय आलं, आता त्यात कसली आघाडी?

पण आमच्या माळव्यातलंच सोयाबीन घ्या. पूर्वी शेतकरी ट्रॉली भरून छावणी मंडीत यायचा आणि भाव इथे आल्यावर कळायचा. पटला नाही तरी माल परत न्यायचा तर भाडं अंगावर. २०००मध्ये आयटीसी या कंपनीने मध्य प्रदेशातल्या गावांत ई-चौपाल सुरू केली. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक, त्यावर भाव. माल थेट कंपनीच्या केंद्रावर, वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर.

संगणक कुणीही आणला असता हो. गावचा विश्वासातला माणूस, काटा, गोदाम, लगेच पैसे, ही साखळी उभारणं अवघड. गंमत म्हणजे आडत्यांनाही, म्हणजे मंडीतल्या दलालांनाही, पूर्ण बाजूला सारलं नाही. त्यांनाच संयोजक म्हणून सोबत घेतलं. मला तर संगणकापेक्षा हीच चाल जास्त हुशारीची वाटते.